ताईनं पाहिलेले सिनेमे

प्रिय टिल्लू,

इंजिनरूमच्या दारातून तिरका होऊन आत शिरावं लागणाऱ्या माणसाला टिल्लू म्हणणं शोभत नाही, असं तू मागच्या सुट्टीत मला चांगलं ठणकावून सांगितलंस. हाताखालची पोरं हसतात म्हणे. हसू देत. हे पत्र तू त्यांना वाचून दाखवणार नाहीयेस, तेव्हा टिल्लूच.

पत्र बघून दचकला असशील. हल्ली पत्रं लिहितं कोण? पण तुझ्या बोटीवर पुढच्या बंदरात नवा इलेक्ट्रिशियन चढणार आहे आणि तो इथलाच आहे, हे तुझ्या दाजींनी कुठून तरी शोधून काढलं आणि त्याला गाठून एक स्वेटर, तुझ्या आवडीचा साबण आणि हे पाकीट त्याच्या गळ्यात मारायचं ठरवलं. मेसेज टाइप करता आला असता, नाही असं नाही. पण तुझी सवय मला ठाऊक आहे. तू पहिली ओळ वाचतोस आणि लगेच फोन लावतोस. हे मला तू शेवटपर्यंत वाचायला हवं आहे. तेव्हा हात धू, चहा घे, बंकवर आडवा हो आणि मधूनच शेवटचं पान उलटून बघू नकोस.

तुझी तक्रार पोचली. एकदा नाही, दहादा पोचली. ‘ताई, एकही सिनेमा पाठवला नाहीस, रुसलीस का?’ ‘ताई, मेसमधले सगळे विचारतायत.’ तुझ्या मेसमधल्यांचं मला नवलच वाटतं. निम्म्यांना आपली भाषा कळत नाही, तरी माझी रेकॉर्डिंगं लावून जेवायला बसतात आणि व्हिलन हसला की ताटं वाजवतात, असं तूच सांगितलं होतंस. मी आपली शनिवारी सिनेमा बघायची, घरी येऊन पाय वर घेऊन बसायची, आणि अख्खा सिनेमा फोनमध्ये ओतून तुला पाठवायची. हिरो, हिरॉइन, तिचा तापट बाप, पोलीस, सगळ्यांचे आवाज काढून. इतकी वर्षं ते चाललं आणि मग एकदम बंद पडलं. का, ते सांगणारच आहे. पण आधी सिनेमे. सिनेमे बघायचे थांबले असं तुला वाटत असेल, तर उलट आहे. यंदा मी जितके पाहिले तितके कधीच पाहिले नव्हते.

त्या मोठ्या युद्धाच्या सिनेमाची जाहिरात तुझ्यापर्यंतही पोचली असेल, कारण ती पोचली नाही अशी जागाच उरलेली नाही. बघितला नाहीस तर काही बिघडत नाही. हिरो एकटा सगळ्या सैन्याला पुरून उरतो, ते ठीक आहे, त्यासाठीच तर आपण तिकीट काढतो. पण शेवटी त्याच्या नरड्यात गोळी लागते. नरड्यात, टिल्लू! आणि नरड्यात गोळी घेऊन हा पठ्ठ्या मित्राला निरोप सांगतो, आईला निरोप सांगतो, जिच्याशी लग्न ठरलंय तिला सांगतो, वरून शत्रूच्या सेनापतीलाही चार शब्द सुनावतो. आवाज असा खणखणीत की शेवटच्या रांगेत ऐकू यावा. सगळं थिएटर मुसमुसत होतं आणि मला हसू आवरेना. अंधारात माझे खांदे गदागदा हलताना बघून दाजींना वाटलं मी रडतेय. त्यांनी रुमाल पुढे केला, माझ्या पाठीवरून हात फिरवला. मीही तो रुमाल घेतला. उगाच कशाला त्यांचा हिरमोड करा?

दुसरा त्याच्या अगदी उलट. एक म्हातारं जोडपं, त्यांची पावाची भट्टी आणि भट्टी विकून टाका म्हणून मागे लागलेला मुलगा. बस्स, एवढंच. पहिला अर्धा तास नवरा पीठ मळतो, बायको ट्रे पुसते, आणि दोघं एकमेकांशी एक अक्षर बोलत नाहीत. मागच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, ‘अरे, काहीतरी बोला की रे!’ आणि सगळे हसले. तुला खरं सांगू, वर्षभरापूर्वी मीच तसं ओरडले असते. तुला रेकॉर्डिंगमध्ये म्हणाले असते की एवढं पीठच दाखवायचं होतं तर गिरणीत कॅमेरा लावायचा. या खेपेला मात्र मी डोळे फाडून बघत बसले. ती बाई नवऱ्यावर चिडलेली असते तेव्हा ट्रे कसा ठेवते आणि राग उतरल्यावर कसा ठेवते, हे मला अगदी कळत होतं. एका जागी तो तिच्या बाजूची खिडकी न सांगता अर्धी लावून घेतो, कारण तिला वारा लागतोय. मी दाजींना कोपरानं ढोसलं, बघा म्हणून. ते घोरत होते. मध्यंतरात मात्र बरोबर जागे झाले आणि पॉपकॉर्न घेऊन आले. मला आता वास फारसा येत नाही, पण खाल्ले.

वास का येत नाही, विचारशील. सांगते. जरा दम धर.

तू प्लास्टरमध्ये होतास तो उन्हाळा आठवतो? भिंतीवरून उडी मारून पाय मोडून घेतला होतास. मावशी मला सिनेमाला घेऊन गेली आणि तू घरी भोकाड पसरून बसलास. मी परत आले तर तू भिंतीकडे तोंड करून पडलेला. बोलायलाच तयार नाहीस. तेव्हा मी खाटेच्या पायथ्याशी उभी राहिले आणि पहिल्या नावापासून सिनेमा सांगायला सुरुवात केली. घोडे मीच, तलवारी मीच, राजकन्या मीच. व्हिलन हसला तसा तू वळलास. राजकन्येचा म्हातारा नोकर मरतो तिथे तुझे डोळे भरले, म्हणून मी त्याला मारलाच नाही, नुसता जखमी केला. पुढे मोठेपणी तो सिनेमा तू स्वतः बघून आलास आणि माझ्याशी भांडलास की यांनी सगळा बिघडवलाय, ताईचा सिनेमा चांगला होता. माझ्या आयुष्यात माझं इतकं कौतुक दुसऱ्या कुणी केलं नाही. दाजींनीही नाही, आणि ते आज हे वाचणार नाहीत म्हणून लिहिते.

मग आला भुताचा सिनेमा. आमच्या लेकीनं तिकिटं काढली होती. जुनं हॉस्पिटल, लांबच लांब कॉरिडॉर, मिणमिणता दिवा. भूत कधीच दिसत नाही, फक्त त्याचा श्वास ऐकू येतो. आणि एका जागी दिग्दर्शकानं सगळा आवाज बंद केला. संगीत नाही, पाऊल नाही, काही नाही. थिएटरात टाचणी पडली तरी ऐकू यावी. आणि त्या शांततेत सगळ्यांना एक श्वास ऐकू आला. घर्र… घर्र… माझ्या पुढच्या खुर्चीवरची मुलगी हळूहळू वळली. माझ्याकडे बघितलं. माझ्या गळ्याकडे बघितलं. आणि जी किंचाळली म्हणतोस! तिच्यामागून अख्खी रांग किंचाळली. पडद्यावरच्या भुताला त्या दिवशी कुणी विचारलं नाही. लेक मेल्याहून मेल्यासारखी झाली. मला इतकं हसू येत होतं की मला बाहेर न्यावं लागलं.

तो श्वास माझ्या गळ्यातून येतो, टिल्लू. मी आता नाकातोंडानं श्वास घेत नाही. गळ्याच्या खाली, कॉलरच्या दोन हाडांच्या मधोमध, एक भोक आहे. तिथून घेते. म्हणूनच वास येत नाही. त्यावर मी एक मऊ गळपट्टी बांधते, आमच्याच दुकानातल्या पडद्याच्या कापडाची. सगळ्या रंगांच्या शिवून ठेवल्यात.

आता आधी हे वाच आणि मगच पुढे जा: मी बरी आहे. आजार काढून टाकला आहे. तपासण्या स्वच्छ आल्या आहेत, परवाच पुन्हा आल्या. तू मागच्या सुट्टीत म्हणाला होतास ना, ‘ताई, तुझा आवाज बसलाय, व्हिलनला शोभेल.’ तो बसलेला आवाज उठलाच नाही. डॉक्टरांनी आत नळी घालून बघितलं तर गाठ निघाली, आणि अशा जागी की स्वरयंत्रच सगळं काढावं लागणार होतं. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. मी त्यांना विचारलं, ‘म्हणजे मी बोलणार नाही?’ ते म्हणाले, ‘पूर्वीसारखं नाही.’ दाजी मधेच म्हणाले, ‘जीव वाचेल ना?’ ते म्हणाले, ‘वाचेल.’ मी कागद उलटा करून ठेवला आणि म्हटलं, मग काढा.

तुला कळवलं नाही. दाजींना आणि लेकीला मी शपथ घातली होती, त्यांच्यावर चिडू नकोस. तू काय केलं असतंस ते मला पाठ आहे. आईच्या वेळी तू बोट सोडून आलास. आलास ते बरंच केलंस, पण कंपनीनं तुला नंतर किती काळ घरी बसवलं आणि त्या काळात तू खिडकीत बसून कसा झिजलास, ते मी बघितलंय. आता कुठे सेकंड इंजिनियर म्हणून पहिली बोट मिळाली आहे. तू इथे येऊन केलं काय असतंस? ऑपरेशन थिएटरच्या बाहेर दाजींबरोबर बसून दोघंही रडला असतात. एक माणूस रडायला पुरेसा होता. तेव्हा लपवलं, आणि वेळ आली तर पुन्हा लपवीन. त्याबद्दल मी माफी मागणार नाहीये, मनातल्या मनात वाट बघत असशील तर.

ऑपरेशन झालं ते ठीक झालं. त्यानंतरचे दिवस वाईट होते, हेही सांगते. आत एक बारीक झडप बसवतात. गळ्यातल्या भोकावर बोट दाबून धरलं की फुप्फुसातली हवा त्या झडपेतून अन्ननलिकेत जाते आणि तिथे आवाज तयार होतो. झडप म्हणजे काय हे मी तुला काय सांगावं, तुझा जन्म झडपा बदलण्यात चाललाय. बोलायला शिकवणारी एक तरुण बाई आहे हॉस्पिटलात, फार गोड आहे, पण सोडत नाही. तिनं मला पहिल्यांदा ‘आ’ म्हणायला लावलं आणि माझ्यातून जो आवाज निघाला तो ऐकून मी मागे वळून बघितलं. लोखंडी कपाट फरशीवरून ओढावं तसा. घरी येऊन मी ठरवलं, हा आवाज त्या खोलीबाहेर काढायचा नाही. घरात पाटीवर लिहून दाखवायची. मी किती बोलते म्हणून जन्मभर कुरकुरणारा माझा नवरा आता दिवसभर एकटाच बोलायला लागला. पाण्याची टाकी भरली, शेजारच्यांनी दार रंगवलं, मोजे सापडत नाहीत. घर शांत झालेलं त्याला सोसवत नव्हतं. मला ते कळत होतं, आणि तरी माझं बोट गळ्याकडे जात नव्हतं.

दुकानातही तेच. मालकीणबाईंनी माझी जागा राखून ठेवली होती, पण काउंटरवरची नाही. म्हणाल्या, ‘तू आत बस, पडद्यांना कड्या लाव. गिऱ्हाइकांचा त्रास नको तुला.’ चांगल्या मनानंच म्हणाल्या. मी मान हलवली आणि आत जाऊन बसले. ज्या काउंटरवर मी माणसाच्या तोंडाकडे बघून त्याच्या खिडकीला कुठला रंग हवा ते सांगायची, तिथे आता दुसरीच कुणी बोलत होती, आणि भिंतीआडून मला ऐकू येत होतं की ती बेडरूमला भलताच जाड पडदा खपवतेय. मी कड्या लावत राहिले.

तिथून मला ओढून काढलं एका माणसानं. हॉस्पिटलात भेटला. बसचा ड्रायव्हर, आता निवृत्त. त्याचं ऑपरेशन माझ्या खूप आधी झालंय. आम्ही त्याला ड्रायव्हरकाका म्हणतो. हा माणूस गळ्यावर बोट ठेवून भाजीवाल्याशी घासाघीस करतो, नर्सबाईंना विनोद सांगतो, रिक्षावाल्याला शिव्या घालतो. लोक बघतात. तो म्हणतो, बघू देत, फुकट आहे. त्याला सिनेमाचं वेड. माझ्या पाटीवर मी एकदा त्या युद्धवाल्या हिरोच्या नरड्यातल्या गोळीबद्दल लिहिलं, तर तो असा हसला की शिकवणारी बाई धावत आली. मग त्यानंच टूम काढली की आपण सगळे मिळून सिनेमाला जाऊ. आणि सिनेमा निवडला कुठला, तर एका गायिकेचा आवाज जातो तो. दाजी माझ्या कानाशी येऊन म्हणाले, ‘दुसरा बघूया का?’ मी पाटीवर लिहिलं, ‘हाच.’

या सिनेमाबद्दल नीट सांगायचं आहे, कारण हल्ली सगळे त्याची फार तारीफ करतायत. गायिका नामांकित असते. नवरा अपघातात जातो आणि त्या धक्क्यानं हिची वाचा जाते. झालं. त्यानंतर हिला पांढरी साडी नेसवून खिडकीत बसवतात. सासू येऊन रडते, डॉक्टर येऊन मान हलवतो, मैत्रीण येऊन जुनी गाणी लावते. आणि सिनेमाभर, टिल्लू, त्या बाईला कुणी साधं ‘जेवलीस का’ विचारत नाही. तिची वाचा गेली आहे, कान नाहीत गेले, डोकं नाही गेलं. पण तिच्या समोर उभं राहून तिच्याबद्दल बोलतात, एखाद्या कपाटाबद्दल बोलावं तसं. मुलीची शाळा बदलतात, घर विकायला काढतात, आणि ही खिडकीतून बाहेर बघते. एक कागद-पेन्सिल कुणी हातात देत नाही! मी खुर्चीत चुळबूळ करत होते. आणि शेवट तर तू इथूनही ओळखशील. मुलगी रस्त्यावर, समोरून ट्रक, आणि आई ओरडते, ‘बाळा!’ आवाज परत. डॉक्टर म्हणतो, चमत्कार. थिएटरात टाळ्यांचा कडकडाट. लोक उभे राहिले. आणि त्या टाळ्यांमध्ये माझ्या शेजारून, लोखंडावर लोखंड घासावं तसा, एकच शब्द आला:

‘खोटं!’

ड्रायव्हरकाका. टाळ्या थांबल्या. सगळे वळून बघायला लागले. त्यांनी पुन्हा बोट गळ्यावर ठेवलं आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाले, ‘असं… येत नाही… परत.’ मग शांतपणे चपला शोधायला लागले.

मी मात्र उठले नाही. ही माणसं टाळ्या कशाला वाजवत होती, याचा मी विचार करत होते. आवाज परत आला म्हणून. म्हणजे तो येईपर्यंत ती बाई कुणीच नव्हती. आणि मी काय करत होते? मीच मला पांढरी साडी नेसवून खिडकीत बसवलं होतं. दुकानातल्या आतल्या खोलीला तर खिडकीही नाही.

बाहेर आलो तर पुढच्या खेळासाठी रांग लागली होती. त्यात एक बाई आणि तिची म्हातारी आई. म्हाताऱ्या आईच्या चेहऱ्यावर शंका दिसत होती. ती बाई नेमकी मला विचारते, ‘कसा आहे हो?’ दाजींनी माझ्या वतीनं तोंड उघडलं. मी त्यांच्या दंडावर हात ठेवला. श्वास घेतला, गळपट्टीवर बोट दाबलं आणि म्हणाले, ‘अजिबात जाऊ नका.’

ती बाई एक पाऊल मागे सरकली. आजूबाजूचे चार जण वळले. पण म्हातारी जागची हलली नाही. उलट कान पुढे करून म्हणाली, ‘का गं?’ मग काय! मी सांगितलं. दोन-तीन शब्द, श्वास, पुन्हा दोन-तीन शब्द. पांढरी साडी सांगितली, पेन्सिल सांगितली, ट्रक सांगितला. शेवट सांगून टाकला म्हणून रांगेतला एक जण वैतागला, त्याला म्हटलं, तुमचे पैसे वाचवले. म्हातारीनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि लेकीला म्हणाली, ‘चल, त्या पावाच्या भट्टीवाल्याला जाऊ, बाई सांगतायत तर.’ भट्टीवाला आवडला हेही मी सांगितलं होतं. ड्रायव्हरकाकांनी टाळ्या वाजवल्या. दाजी कुठे दिसेनात. बघते तर खांबाआड उभे राहून चष्मा पुसत होते, आणि तो काही केल्या स्वच्छ होत नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेले ती सरळ काउंटरमागे जाऊन उभी राहिले. मालकीणबाई काही बोलणार तोच म्हणाले, ‘माझी जागा इथे.’ त्यांनी ऐकलं, गिळलं आणि खुर्ची पुढे सरकवली. एक गिऱ्हाईक माझा आवाज ऐकून ‘नंतर येते’ म्हणून गेली ती गेलीच. बाकीच्या थांबल्या. पहिल्या वाक्याला चमकतात, तिसऱ्या वाक्याला माप सांगायला लागतात. फोन मात्र अवघड आहे. फोनवर तोंड दिसत नाही, गळपट्टी दिसत नाही, नुसता आवाज. परवा एकीनं विचारलं, ‘भाऊ, पडदे झाले का शिवून?’ मी म्हटलं, ‘झालेत, आणि भाऊ नाही, बाई.’ ती ओशाळली, शंभरदा सॉरी म्हणाली. मी फोन ठेवून आत गेले, थोडी रडले, तोंड धुऊन बाहेर आले आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हिरवा पडदा विकला. असे फोन अजून येतील. मी उचलणार आहे.

एक गोष्ट राहिली. ऑपरेशनच्या आधी त्या शिकवणाऱ्या बाईनं सुचवलं होतं की घरच्यांसाठी आवाज रेकॉर्ड करून ठेवायचा असेल तर ठेवा. मी दार लावून फोन हातात घेऊन बसले. काय बोलावं सुचेना. लेकीला काय सांगू, दाजींना काय सांगू, सगळंच निरोपासारखं वाटायला लागलं, आणि मला कुठे जायचं नव्हतं. शेवटी त्या आठवड्यात पाहिलेला सिनेमा सांगितला. अख्खा, सगळ्यांचे आवाज काढून, गाण्यांसकट. ते रेकॉर्डिंग लेकीकडे आहे. मी ते ऐकलेलं नाही आणि तुला ते पाठवायला मी तिला सध्या मनाई केली आहे. तू ते मेसमध्ये लावशील, डोळे पुसशील आणि मग तीच तुझी ताई होऊन बसेल. तसं मला चालणार नाही. ते तुला मिळेल, पण नंतर.

आता हे पत्र कशासाठी, ते. येत्या रविवारी तुझी बोट बंदरातच असेल, इलेक्ट्रिशियननं सांगितलंय. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर तू घरी फोन करायचा आहेस, आणि फोन मी उचलणार आहे. दाजी नाहीत, लेक नाही, मी. त्याआधी करू नकोस, कितीही वाटलं तरी, कारण मी अजून तालीम करतेय. जो आवाज येईल तो पुरुषाचा वाटेल, खरखरीत असेल, दर दोन-तीन शब्दांनी थांबेल. राँग नंबर म्हणून ठेवू नकोस. ‘दाजींना द्या’ म्हणू नकोस. मी मध्ये थांबले तर माझं वाक्य तू पुरं करू नकोस, मी श्वास घेत असेन. रडू आलं तर फोन तोंडापासून लांब धर, मला दमवू नकोस. तुझी विचारपूस मी एका मिनिटात उरकणार आहे, कारण त्यानंतर मी तुला काल पाहिलेला सिनेमा सांगणार आहे. चोरांचा आहे, छान आहे, म्हणून त्यातलं एक अक्षर इथे लिहिलेलं नाही. हिरॉइनचा आवाज मला आता जमत नाही, तेवढं चालवून घे. वेळ लागेल. ड्यूटी असेल तर बदलून घे आणि निवांत बस.

अजूनही तुझीच,
ताई